काचेची गुलाबदाणी: बर्नरवर फुंकून जुना घाट कसा साधायचा

लग्नात मांडवाच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडायला चांदीची किंवा जर्मन सिल्व्हरची गुलाबदाणी काढतात. तिचा घाट काचेतही शेकडो वर्षं चालत आलेला आहे. बाराव्या-तेराव्या शतकात सीरियात चपट्या पोटाच्या आणि बारीक मानेच्या शिंपडण्या होत. एकोणिसाव्या शतकातल्या इराणी बाटल्यांची मान हंसासारखी वळवलेली असे आणि काच बहुधा निळी. इस्तंबूलजवळच्या बेयकोझच्या गुलाबदाण्यांवर पांढऱ्या रेघा पिळून चढवलेल्या दिसतात. आपल्याकडे अठराव्या शतकातल्या काचेवर सोन्याच्या मुलाम्याची फुलं आहेत.

हे सगळं काम लोखंडी फुंकनळीवर, भट्टीतून वितळलेली काच उचलून केलेलं. तशी भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, आणि नागपुरात एकट्यादुकट्याने ते करणं परवडत नाही. बर्नर आणि बोरोसिलिकेट ट्यूब (उष्णता सोसणाऱ्या काचेची नळी) मात्र परवडते. प्रयोगशाळेची उपकरणं याच पद्धतीने होतात, त्यामुळे कॉलेजांना काचसामान पुरवणाऱ्या विक्रेत्यांकडून माल मागवता येतो. इथे सुमारे १८ सें.मी. उंच, ६० मि.मी. पोटाच्या गुलाबदाणीची कृती दिली आहे. दोन्ही हातांनी ट्यूब एका गतीने फिरवणं जमत नसेल, तर आधी १५ मि.मी.च्या ट्यूबवर हात बसवा. ३२ मि.मी.ची ट्यूब नवख्या हातात लगेच पिळली जाते.

जुन्या वस्तूची नक्कल फसते ती बहुतेक वेळा बाह्यरेषेमुळे नाही. फुंकण्याआधी काच कुठे जाड ठेवायची आणि कुठे पातळ, हे ठरवलेलं नसतं म्हणून फसते. पोट फुंकून होतं, मान ओढून होते, आणि दोन्हींसाठी लागणारी काच आधीच आपापल्या जागी जमवून ठेवावी लागते.

नमुना आणि हिशेब

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वस्तूची उंची दिलेली असते. फोटो त्या उंचीला छापून घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. फोटो बहुधा किंचित वरून काढलेला असतो, त्यामुळे तळ लंबगोल दिसतो. तळाची रेघ त्या लंबगोलाच्या मध्यातून धरायची, खालच्या कडेवरून नाही. नाहीतर पोट उगाच उंच येतं. अर्धी बाह्यरेषा पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरवून कापा. काम करताना हा साचा काचेजवळ धरून बघायचा, टेकवायचा नाही. घरातली चांदीची गुलाबदाणी समोर असेल तर व्हर्नियरने तिची मान तीन ठिकाणी मोजा. मुळाशी, मध्यावर आणि तोंडाजवळ मान किती निमुळती होते, हे फोटोपेक्षा तिथे नीट कळतं.

आता काच किती लागेल ते पाहू. ६० मि.मी. व्यासाच्या गोळ्याची भिंत १.५ मि.मी. ठेवायची, तर साधारण १७ घन सें.मी. काच लागते. १२ सें.मी. लांबीची मान मुळाशी १६ आणि टोकाला ७ मि.मी. असेल, तर आणखी साडेआठ घन सें.मी. बाहेरून ३२ मि.मी. आणि भिंत २.५ मि.मी. असलेल्या ट्यूबच्या प्रत्येक सें.मी. लांबीत सुमारे २.३ घन सें.मी. काच असते. म्हणजे पोटासाठी ७.३ सें.मी. आणि मानेसाठी ३.६ सें.मी. तळ बंद करताना थोडी काच ओढून टाकावी लागते, म्हणून एकूण १२ सें.मी. धरा. बोरोसिलिकेटची घनता २.२३ असल्याने तयार गुलाबदाणी तळकड्यासह (तळाला जोडलेल्या काचेच्या कड्यासह) ६० ग्रॅमच्या आसपास भरते. ती ८० ग्रॅम भरली तर जादा काच कुठेतरी साचली आहे, आणि बहुतेक वेळा ती तळातच सापडते.

सामान

ट्यूब 'बोरोसिलिकेट ३.३' हीच घ्या. तापल्यावर ती फार कमी प्रसरण पावते, आणि ३.३ हा आकडा त्या प्रसरणाचाच आहे. बांगड्यांची किंवा बाटल्यांची सोडा काच जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. फिरोजाबादी बांगडीचा रंगीत तुकडा बोरोसिलिकेटवर वितळवून चिकटवला तर ज्वाळेत सुंदर बसतो आणि थंड होताना तडकतो. कितीही सावकाश थंड केलं तरी हा फरक जात नाही. रंग हवा असेल तर बोरोसिलिकेटसाठीच केलेल्या रंगीत कांड्या आणा. कोबाल्टचा निळा सर्वांत बिनतक्रार असतो. चांदी असलेले रंग मात्र ज्वाळेत गॅस जरा वाढला की पालटतात.

बर्नर मध्यम आकाराचा, एलपीजी आणि ऑक्सिजनवर चालणारा. ऑक्सिजनचा ७ घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला १० लिटर या दराने ११-१२ तास ज्वाळा देतो. कोविडनंतर बऱ्याच घरांत पडून असलेला ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मणी आणि लहान कुप्यांपुरता ठीक आहे. ३२ मि.मी.ची ट्यूब त्यावर नीट तापत नाही. शिवाय अशी यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेली असतात, आणि नागपुरात मे महिन्यात खोलीतच तेवढं तापमान असतं. बाकी सामान असं: दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारा जोड), ग्रॅफाइटची पट्टी, टंगस्टनची सुई, चिमटा, काच कापायची सुरी, फुंकायची रबरी नळी आणि तिच्या टोकाला फिरणारा जोड (स्विव्हेल), बूच आणि ५ मि.मी.ची बोरोसिलिकेट रॉड. चष्मा डिडीमियमचा हवाच. ज्वाळेतला सोडियमचा पिवळा झगझगाट त्याने कापला जातो आणि काच दिसते. मोठ्या ट्यूबचं काम करताना उष्णतेचे किरण अडवणारी हिरवी काचही जोडलेली असावी.

सिलिंडरबद्दल चालढकल नको. विक्रीसाठी वस्तू करत असाल तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरता येत नाही, व्यावसायिक १९ किलोचा घ्यावा लागतो. गॅस सिलिंडरचे नियम राबवणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे, त्यामुळे किती साठा चालतो ही शंका तिथेच विचारून घ्यावी. ऑक्सिजनच्या जोडाला तेल, ग्रीस, अगदी डोक्याला तेल लावलेला हातसुद्धा लागू द्यायचा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकतं. धूर ओढणारा पंखा ज्वाळेच्या मागे लावा. कपडे सुती घाला. ओढणी-पदर खोचून घ्या आणि नायलॉनचं काही अंगावर नको.

आणि कूलर बंद. नागपूरकराला हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरची ओली हवा तापलेल्या काचेवर पडली की 'टिक' असा आवाज येतो आणि काम संपतं. ज्वाळाही एका बाजूला कलते, मग ट्यूब एकाच अंगाने मऊ होते. एप्रिल ते जूनमध्ये पहाटे साडेपाच ते नऊ एवढीच वेळ खरी.

पॉइंट ओढणे

ट्यूब आतून-बाहेरून धुऊन डिस्टिल्ड पाण्याने विसळा आणि पूर्ण वाळवा. आत राहिलेली धूळ काचेत भाजली जाते आणि तिचे पांढरे ठिपके पुढे कशानेच जात नाहीत. नागपूरचं बोअरचं पाणी जड असतं, तेही वाळल्यावर तसेच डाग सोडतं.

मधले १२ सें.मी. सोडून दोन्ही बाजूंना ट्यूब तापवून ओढा, म्हणजे ८ ते १० मि.मी. जाडीचे आणि २० सें.मी. लांबीचे दांडे तयार होतात. यांनाच पॉइंट म्हणतात. दोन्ही पॉइंट ट्यूबच्या बरोबर मध्यरेषेवर हवेत. टेबलाच्या कडेला दोन बोटांवर ठेवून फिरवून बघा. मधला भाग डगमगला तर मूळ पुन्हा तापवून सरळ करा. पुढचा प्रत्येक दोष इथल्या वाकडेपणातून येतो, म्हणून हे काम तीनदा करावं लागलं तरी करा. मानेकडच्या पॉइंटला बूच लावा आणि तळाकडच्याला रबरी नळी.

बेयकोझसारख्या पिळाच्या रेघा हव्या असतील तर त्या याच वेळी घालायच्या. २ मि.मी. जाडीचे पांढरे धागे आठ घेऊन ट्यूबवर लांबीच्या दिशेने सारख्या अंतरावर चिकटवा. ३२ मि.मी.च्या ट्यूबवर हे अंतर साडेबारा मि.मी. येतं. ते पृष्ठभागात पूर्ण विरघळू द्या. मग सगळा भाग मऊ करून एक हात दुसऱ्यापेक्षा जलद फिरवा. धागे अर्धवट वर राहिले तर फुंकताना त्यांच्या कडेने भिंत पातळ होते.

मान आधी, पोट नंतर

पुष्कळ जण आधी पोट फुंकतात, कारण ते सोपं आणि देखणं असतं. मग दीड मि.मी.च्या पातळ खांद्याशेजारी (पोट मानेला मिळतं तो भाग) जाड मान तापवायला जातात आणि खांदा बसतो. म्हणून मान आधी.

मानेकडचे ३.६ सें.मी. मोठ्या, मऊ, तटस्थ ज्वाळेत फिरवत ठेवा. ज्वाळेच्या आतले निळे सुळके आखूड आणि रेखीव दिसले की ती तटस्थ आहे. टोकाला पिवळं दिसलं तर गॅस जास्त झालाय, फुसफुस आवाज येऊन ज्वाळा टोकदार झाली तर ऑक्सिजन. काच मऊ झाली की आपणहून आकसते. तिला आकसू द्या, फुंकू नका. बाहेरचा व्यास २० मि.मी. आणि आतला १२ मि.मी. झाला की थांबा. भिंत आता ४ मि.मी. झाली आहे. आतल्या व्यासाचा अंदाज ट्यूबमधून आरपार बघून येतो. भोक एका बाजूला सरकलेलं दिसलं तर हाताची गती असमान आहे.

हे ४ मि.मी. इतक्या काटेकोरपणे का? ओढताना बाहेरचा आणि आतला व्यास एकाच प्रमाणात घटतात. २० ला १२ हे प्रमाण घेऊन मान ओढली, तर टोकाला बाहेरून ७ मि.मी. असताना आत ४ मि.मी.हून थोडं जास्त भोक उरतं. मूळची २.५ मि.मी. भिंत तशीच ठेवून ओढली तर टोकाची भिंत जेमतेम अर्ध्या मि.मी.ची होते, आणि अशी मान पहिल्याच हिसक्याला तुटते.

आता पूर्ण भाग एकसारखा तापवा. काच पातळ काकवीसारखी ढळू लागली की ज्वाळेबाहेर काढा आणि फिरवत राहा. पिवळी धग नारिंगी व्हायला एक-दोन सेकंद लागतात. तेव्हा ओढायला सुरुवात करा, आधी अगदी हळू आणि मग थोडं जलद. खांद्याजवळचा भाग शेवटच्या तापवणीत ज्वाळेच्या कडेला ठेवला असेल तर तो कमी ओढला जातो आणि मान आपोआप निमुळती होते. १२ सें.मी. झाले की ओढ तशीच धरून तीन-चार सेकंद थांबा. हात लगेच सैल केला तर मान मध्यावर झोल खाते. मान ज्वाळेतच ओढली तर एका जागी केसासारखी बारीक होते, म्हणून ओढणं नेहमी ज्वाळेबाहेर.

मानेच्या मध्यावर मणी हवा असेल तर टोकदार ज्वाळेने एक सें.मी. भाग मऊ करा, दोन्ही हात दोन-तीन मि.मी. जवळ आणा आणि हलकी फुंकर द्या. जुन्या गुलाबदाण्यांत हा मणी वारंवार दिसतो. शिंपडताना बोट तिथे अडतं, त्यामुळे तो निव्वळ नक्षी नाही.

पोट

उरलेले साडेसात-आठ सें.मी. दोन टप्प्यांत फुंका. पहिल्यांदा सगळा भाग तापवून व्यास ४२-४५ मि.मी.पर्यंत आणा. दुसऱ्यांदा तापवून ६० मि.मी. एकाच दमात ३२ वरून ६० केलं तर जिथे काच किंचित जास्त तापली होती तिथे फुगा येतो.

फुंकण्याची वेळ महत्त्वाची. ज्वाळेबाहेर काढल्याबरोबर फुंकलं तर सर्वांत पातळ जागा आधी फुगते. एक सेकंद थांबलं की पातळ जागा लवकर थंड होऊन ताठरते, जाड जागा मऊच असते. तेव्हा हलक्या, तुटक फुंकरी दिल्या तर जाड जागा पसरते आणि भिंत आपोआप सारखी होते. फिरवणं एक क्षणही थांबवायचं नाही. तळ खाली कलवून फुंकलं तर घाट लांबट, चंबूसारखा होतो. तळ वर धरला तर काच खांद्याकडे बसते आणि घाट बसका येतो. साचा जवळ धरून बघा. खांदा मानेला जिथे मिळतो तिथे गोलाई हवी, कोन नको. त्या कोनातच पुढे तडा जातो.

तळ आणि कडं

मानेकडचं बूच काढून रबरी नळी तिकडे लावा, आता फुंकर मानेतून जाईल. तळाचा पॉइंट मुळाशी तापवून ओढून काढा. मागे काचेचा गोळा उरतो. रॉड चिकटवून तो दोन-तीनदा ओढून कमी करा, कारण तळात ५-६ मि.मी.चा गोळा आणि बाजूला दीड मि.मी.ची भिंत असेल तर थंड होताना दोघांची ओढाताण होते. तळ सारखा झाला की पुन्हा तापवून हलकी फुंकर द्या, ग्रॅफाइटच्या पट्टीवर टेकवून सपाट करा आणि मधला भाग ३ मि.मी. आत दाबा, म्हणजे वस्तू डगमगत नाही.

कड्यासाठी ५ मि.मी.ची रॉड तापवून तळावर ३५ मि.मी. व्यासाचं वेटोळं घाला. त्याला ११ सें.मी. रॉड लागते. चिकटवताना रॉड आणि तळ दोन्ही लाल हवेत. नंतर जोडावर टोकदार ज्वाळा फिरवून कडं तळात पूर्ण मिसळा. जोडाखाली फट राहिली तर आज नाही तर महिन्याने तिथूनच तडा सुरू होतो. हे काम चालू असताना मान आणि खांदा अधूनमधून मोठ्या मऊ ज्वाळेतून फिरवत राहा, ते थंड पडू देऊ नका.

तोंड

बाराव्या सें.मी.वर मानेला सुरीची एक रेघ ओढा आणि तापलेल्या रॉडचं टोक टेकवा, मान नीट तुटते. काम पंजात, म्हणजे वस्तू पकडायच्या दांड्याच्या पकडीत, धरा. पंजाला सिरॅमिक फायबर गुंडाळलेलं हवं आणि तो आधी तापवून घेतलेला. फायबर हाताळताना मास्क लावा. लहान ज्वाळेने कड गोल करत भोक आकसू द्या आणि टंगस्टनच्या सुईने २ मि.मी.वर आणा. भोक ४ मि.मी. राहिलं तर गुलाबदाणी गळते. २ मि.मी.ला पाण्याचा पृष्ठताण तोंड अडवतो, हवा आत शिरत नाही आणि हिसका दिल्याशिवाय थेंब पडत नाही.

इराणी धर्तीची वळलेली मान हवी असेल तर तोंड करण्याआधी मानेचे ६-७ सें.मी. रुंद ज्वाळेत एकसारखे मऊ करा, बाहेर काढून एकाच हालचालीत वळवा आणि लगेच बारीकशी फुंकर द्या, म्हणजे भोक चपटं होत नाही. अरुंद ज्वाळेने वळवलं तर कोपर पडतं.

अ‍ॅनिलिंग

काचेतला ताण जावा म्हणून ती तापलेली धरून सावकाश थंड करायची, हेच अ‍ॅनिलिंग. भट्टी ५६५ अंशांवर तयार ठेवा आणि काम ज्वाळेतून थेट आत घाला. प्रयोगशाळेतली ४ × ४ × ९ इंचांची मफल भट्टी (बंद पेटीसारखी विजेची भट्टी) पुरते, पण गुलाबदाणी आडवी ठेवावी लागते. मानेखाली सिरॅमिक फायबरचा आधार द्या, नाहीतर ती वाकते. कड्यामुळे जाडी वाढलेली असते, म्हणून ५६५ वर ४५ मिनिटं धरा. मग मिनिटाला २ अंश या गतीने ५०० पर्यंत, पुढे मिनिटाला ५ अंशांनी ३५० पर्यंत, आणि भट्टी बंद. दार सकाळीच उघडा. मध्येच वीज गेली तर काही करू नका. बंद भट्टी स्वतःच सावकाश थंड होते, उत्सुकतेने उघडलेलं दार जास्त नुकसान करतं. भट्टीचा काटा खोटं बोलत असेल तर सगळं वाया जातं, म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) काचेच्या जवळ असावा, भिंतीला लागून नाही.

ताण तपासायला महागडं उपकरण लागत नाही. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, डोळ्याला पोलराइज्ड गॉगल लावा आणि आपली मान कलवत पडदा काळा दिसेल तिथे थांबा. आता गुलाबदाणी मध्ये धरा. कड्याच्या जोडाशी किंवा खांद्याशी पांढरे पट्टे चमकले तर ताण उरला आहे. थंड भट्टीत ठेवून मिनिटाला ५ अंशांनी तापवत पुन्हा ५६५ पर्यंत न्या आणि सगळी फेरी परत करा.

मुलाम्याबद्दल थोडक्यात. काचेवर भाजायचं द्रवसोनं मिळतं, ते कुंचल्याने लावून उत्पादकाने दिलेल्या तापमानाला भाजतात. बाटलीवर बोरोसिलिकेटचा उल्लेख नसेल तर आधी तुकड्यावर करून बघा. सोनं भाजताना धूर निघतो, तेव्हा भट्टीचं दार ३०० अंशांपर्यंत किंचित उघडं ठेवा. मिठाईचा वर्ख डिंकाने चिकटवण्याच्या फंदात पडू नका. पहिल्याच धुण्यात तो निघून जातो.

भरणे आणि धुणे

६० मि.मी.च्या पोटात ९५ मि.ली.च्या आसपास पाणी मावतं. भरायचं मात्र ६० मि.ली.च, हिसक्याला आत मोकळी हवा लागते. १६ गेजची बोथट लांब सुई आणि सिरिंज घेऊन हळूहळू भरा. सुईभोवतीच्या फटीतून हवा बाहेर यायला वेळ लागतो, आणि घाई केली की गुलाबपाणी तोंडातून उलटं उडतं. काम झालं की रिकामी करून डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळा आणि उलटी टांगून वाळवा. नळाच्या पाण्याचा पांढरा थर बसलाच तर पातळ व्हिनेगर रात्रभर भरून ठेवा. मानेत तार घालून खरवडू नका, आतल्या ओरखड्यातून मान तुटते.